रेवडीची शर्यत

माझा मेहुणा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला. पाटोद्याकडच्या आपल्या गावी तो पहाटे भरतीच्या पोरांना पळवतो. आमची मुलगी पुण्यात फिजिओथेरपी शिकते आणि सुट्टीला आली की मामाच्या त्याच पोरांचे गुडघे तपासते. मामा-भाचीचं एरवी चांगलं जमतं. धावपटू अविनाश साबळेचा विषय निघाला की मात्र दोघं भांडतात. 2025 च्या दिवाळीत आमच्या आष्टीच्या घरी असंच भांडण झालं. ते जवळपास जसंच्या तसं उतरवतो आहे. माझा कल कुणाकडे झुकला हे लपवणार नाही, पण मामाला गप्प करणं अवघड असतं हेही आधीच सांगून ठेवतो.

मामा – अविनाशचं मांडवा काय लांब नाही हितनं. आईबाप वीटभट्टीवर राबणारे, पोरगं शाळेला सहा किलोमीटर पळत जायचं. त्याला पळायला कोणत्या कोचनं शिकवलं? गरजेनं शिकवलं. तुमच्या पुण्यातल्या पोरांना बूट देता, घड्याळं देता, बदामाचं दूध देता. निघाला का एखादा साबळे?

भाची – मामा, त्या वाटेनं शाळेला तो एकटाच पळत होता का? आपल्या तालुक्यातली निम्मी पोरं तेव्हा चालत-पळतच शाळेला जायची. गरजेनंच धावपटू घडत असते तर बीड जिल्ह्यानं सगळं ऑलिंपिक भरून काढलं असतं.

मामा – एक तरी निघाला ना.

भाची – एकच निघाला, हीच माझी तक्रार आहे.

तेवढ्यात रस्त्यावरून ऊसतोडीची एक टोळी गेली. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर संसार, शेळी, आणि भांड्यांच्या पोत्यावर टेकलेली पोरं. दिवाळी उरकली की आमच्याकडचा रस्ता असाच भरून वाहतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, एका जोडप्याचा एक कोयता असा हिशेब असतो, आणि पोरांची शाळा पाच-सहा महिन्यांसाठी सुटते.

भाची – आता त्या पोत्यावर बसलेल्या पोराचं काळीज कसं आहे, कोण तपासणार? स्पेनमध्ये मिगेल इंदुराइन म्हणून एक सायकलपटू होऊन गेला. बसल्याजागी त्याची नाडी मिनिटाला अठ्ठावीस पडायची असं सांगतात. तुमची-आमची सत्तर-बहात्तर.

मामा – अठ्ठावीस? मेला होता का जिवंत होता?

भाची – टूर दी फ्रान्स लागोपाठ पाच वर्षं जिंकला, 1991 ते 1995. ओळीनं पाच वेळा जिंकणारा तो पहिलाच. तीन आठवडे सायकल चालवायची, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, मध्ये आल्प्स आणि पिरेनीजचे घाट.

मामा – मग जन्मानंच तसा होता म्हण की. देवानं दिलं. त्यात कोचचं काय आलं?

भाची – देवानं दिलं, पण ते सापडलं कसं ते ऐका. नाव्हारा म्हणून प्रांत आहे, त्यात पाम्प्लोना शहर, त्याला लागून विलाव्हा हे त्याचं गाव. बाप शेतकरी. दहाव्या वाढदिवसाला त्याला जुनी सायकल मिळाली, हिरव्या रंगाची. ती वर्षभरात चोरीला गेली. मग बापाबरोबर शेतात राबून त्यानं नवी घेतली.

मामा – (मांडीवर थाप मारून) बघ! शेतात राबला! मी काय सांगायलो मघापासून?

भाची – मामा, शेतात राबून पोराला सायकल घेता आली, हे ऐकलंत का? आणि सायकल घेतल्यावर जायला क्लब होता. गावातला क्लब. अकराव्या वर्षी त्यानं पहिली शर्यत मारली, दुसरा आला. सुरुवातीला त्याला ओढ सायकलीची कमी आणि शर्यत झाल्यावर मिळणाऱ्या सँडविच-फँटाची जास्त होती, असं त्याच्याबद्दल सांगतात. अठराव्या वर्षी तो स्पेनचा हौशी गटातला राष्ट्रीय विजेता होता. आपला अविनाश अठराव्या वर्षी काय करत होता?

मामा – भरती होत होता. आणि त्यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

कमीपणाचं तर नाहीच. बारावीनंतर साबळे महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाला. 2013-14 मध्ये सियाचीनला होता, मग राजस्थानच्या वाळवंटात, 2015 मध्ये सिक्कीमला. त्याच वर्षी तो फौजेतल्या क्रॉसकंट्री शर्यतींत पळू लागला. मध्ये वजन वाढलं होतं, तेही वीसेक किलो उतरवलं. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळवलं ते 2017 मध्ये. दुसऱ्याच वर्षी भुवनेश्वरला त्यानं 8 मिनिटं 29.80 सेकंदांत शर्यत संपवली आणि गोपाल सैनींचा 1981 पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षांचा विक्रम, आणि मोडणारा त्या प्रकारात जेमतेम वर्षभर मुरलेला. हा भाग मामा दरवेळी उभं राहून सांगतो, म्हणून इथे मी थोडक्यात आटोपला.

मामा – हे कुणी केलं? फौजेनं. दोन वेळचं पोटभर जेवण, पहाटेची शिट्टी, आणि वर बघणारा माणूस. तुला रचना पाहिजे ना? मग फौज म्हणजे रचनाच हाय. स्पेनमध्ये क्लब असंल, इथं बटालियन.

भाची – हे मान्य. अगदी मान्य. म्हणजे गरिबीनं घडवलं हे तुम्ही सोडलंत.

मामा – सोडलं नाही. गरिबीनं तयार केलं, फौजेनं वापरलं.

भाची – आता फौजेचंच बोलू. तो 2012-13 च्या सुमाराला आत गेला. पळणं 2015 ला, स्टीपलचेस 2017 ला. आज तुम्ही ज्या पोरांना पळवता ती अग्निवीर होणार, चार वर्षांसाठी. चारातला एक पुढं ठेवतात, बाकीचे घरी. अविनाशला स्टीपलचेस सापडेपर्यंत त्याची चार वर्षं उलटून गेली होती, मामा. आजच्या हिशेबानं तो तेव्हा कदाचित मांडव्यात परत आलेला असता, हातात सेवानिधीचा चेक घेऊन.

मामा थोडा वेळ बोलला नाही. मला वाटलं हरला. पण फौजी माणूस फळी बदलून येतो.

मामा – ठेवला असता त्याला. गुणी पोराला साहेब लोक सोडत नसतात. आणि खेळाडूंची भरती वेगळी असती.

भाची – वेगळी असते ती आधीच खेळाडू असणाऱ्यांसाठी. तो नव्हता.

मामा – बरं, मग तुझा तो स्पॅनिश, लहानपणापासून क्लबात होता, तर पहिल्या झटक्यात जिंकला असंल?

भाची – उलट. आणि मला त्याच्यात सगळ्यात आवडतं ते हेच. 1985 मध्ये पहिला टूर, वय वीस, चार दिवसांत शर्यत सोडली. पुढच्या वर्षी पुन्हा सोडली. 1987 मध्ये 97 वा. मग 47 वा, मग 17 वा, मग दहावा. सातव्या वर्षी पहिला. त्या सगळ्या वर्षांत संघानं त्याला काढलं नाही. एचाव्हार्री आणि उन्झुए हे संघाचे कर्तेधर्ते, तेही त्याच भागातले. त्यांनी त्याला पेद्रो देल्गादोच्या मदतीला ठेवलं. वाऱ्याच्या तोंडी पुढं राहायचं, घाटात कप्तानासाठी थांबायचं. देल्गादोनं 1988 चा टूर जिंकला तो असा.

मामा – म्हणजे साहेबासाठी खपला. आवडला मला हा माणूस.

भाची – खपला, पण पगार घेऊन, आणि शिकत. नापास व्हायला त्याला सहा वर्षं मिळाली. तुमच्या मैदानावर सोळाशे मीटर वेळेत आलं नाही तर काय होतं?

मामा – पुढच्या भरतीला बघू म्हणतो.

भाची – आणि वय निघून गेलं की?

मामा – की मग एमआयडीसी, नाहीतर रिक्षा, नाहीतर (रस्त्याकडे हनुवटीनं दाखवत) ते.

इंदुराइनचा काळ सायकलिंगसाठी फार स्वच्छ नव्हता, हे सांगायला हवं. 1996 मध्ये त्याची सद्दी मोडून टूर जिंकणाऱ्या ब्यार्ने रीसनं पुढे 2007 मध्ये ईपीओ हे बंदी असलेलं द्रव्य घेतल्याची कबुली दिली. त्या दशकातल्या सायकलपटूंच्या साऱ्या ताफ्यावर संशयाची सावली आहे. इंदुराइनवर बंदीची कारवाई कधी झाली नाही, पण त्याचे घाटांतले वेग वाचताना आज कुणीही क्षणभर थबकतो. मुलीनंच हे सांगितलं. मामाला ते फारसं महत्त्वाचं वाटलं नाही, मला वाटलं. एखाद्या व्यवस्थेचं कौतुक करताना ती आणखी काय काय पोसत होती हेही मोजावं लागतं.

मामा – आता माझं ऐक. तुझ्या रचनेतला एक माणूस आपल्या जिल्ह्यातही हाय. राहुल आवारे. आमच्या पाटोद्याचा. बाप पैलवान, घरातच आखाडा. पोरगं लहानपणापासून तालमीत. मग पुण्याला बिराजदार मामांकडं, काका पवारांकडं. 2018 ला गोल्ड कोस्टला कॉमनवेल्थचं सोनं, 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य, आज पोलिसात डीवायएसपी. घे, तुला जे पाहिजे ते सगळं हाय त्यात. आता सांग, तू त्याला मोठा म्हणशील का अविनाशला?

मला हा डाव मामावरच उलटताना दिसला. मुलगी हसली.

भाची – मामा, हे माझं उदाहरण होतं, तुम्ही आधी वापरलंत. मला मोठा-लहान करायचंच नाही. आष्टी आणि पाटोदा, एकमेकाला लागून दोन तालुके. पाऊस सारखाच, टोळ्या सारख्याच. एका तालुक्यातल्या पोराला त्याचा खेळ लहानपणी मिळाला, दुसऱ्याला बावीस-तेविसाव्या वर्षी. का? कुस्तीला आपल्याकडं जत्रा आहे. प्रत्येक गावच्या जत्रेत हगाम असतो. आधी सात-आठ वर्षांची पोरं रेवडीवर लढतात, मग नारळावर, मग शंभरावर, संध्याकाळपर्यंत मोठ्या इनामाची कुस्ती. रेवडीच्या कुस्तीत चमकलेलं पोर आखाड्याभोवतीच्या म्हाताऱ्यांच्या नजरेत भरतं. कुणीतरी विचारतं, कुणाचं रे हे? तिथून तालीम, तिथून कोल्हापूर, नाहीतर पुणं.

मामा – आणि खुराक? दूध, बदाम, तूप. पैलवान पोसायला घर विकावं लागतं. पळणाऱ्याला काय लागतं? म्हणून गरिबाचा खेळ पळणंच.

भाची – पळणाऱ्यालाही लागतं. तुमच्या मैदानावर तीन पोरांच्या नडग्या सुजल्यात. रिकाम्या पोटी डांबरावर पळायलेत, एका चहावर. त्याला गरिबाचा खेळ म्हणून कौतुक करू नका. अविनाशचे मोठे विक्रम कुठून आले बघा. अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्जला उंचीवर सराव केला, तिथला कोच होता. 2022 च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात पाच हजार मीटर 13 मिनिटं 25.65 सेकंदांत पळाला, बहादूर प्रसादांचा तीस वर्षांचा विक्रम गेला. तो सहा किलोमीटरचा शाळेचा रस्ता एकटा हे करू शकत नव्हता.

मामा – पण त्या रस्त्यावाचून तो अमेरिकेला टिकला नसता. बर्मिंगहॅम आठव.

बर्मिंगहॅम आम्ही तिघंही विसरू शकत नाही. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेस. 1998 पासून तोवर प्रत्येक वेळी या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाची. साबळे 8:11.20, केनियाचा अब्राहम किबीवॉट 8:11.15. सेकंदाचा विसावा भाग. रौप्य मिळालं, पण मामा त्या दिवशी हरल्यासारखा बसला होता आणि मुलगी जिंकल्यासारखी नाचत होती. एकाच निकालाकडे दोघं किती वेगळ्या डोळ्यांनी बघतात हे मला तेव्हाच कळलं. मामाला पदक दिसतं. तिला आठ मिनिटं तीस सेकंदांपासून आठ मिनिटं अकरापर्यंतचा उतार दिसतो, तोही चार वर्षांत.

मामा – शेवटच्या पन्नास मीटरला त्याच्या अंगात जे आलं ना, ते तुझ्या प्रयोगशाळेत मिळत नाही. दोह्याला 2019 ला हीटमध्ये दुसऱ्यांच्या पायात अडकला, धडपडला, तरी 8:25.23 चा राष्ट्रीय विक्रम! मग भारतानं दाद मागितली, फायनलला घेतलं, तिथं 8:21.37 काढून टोकियोचं तिकीट मिळवलं. हे कुठं शिकवतात?

भाची – कुठंच नाही. हे मी कधी नाकारलं? मी म्हणते, हे ज्याच्यात आहे त्याला उशीर का करायचा? टोकियोला 8:18.12, अंतिम फेरीबाहेर राहिलेल्यांत सगळ्यात वेगवान. पॅरिसला 2024 मध्ये पहिल्यांदा भारताचा पुरुष या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत गेला, अकरावा आला. ऑलिंपिकच्या आधी पॅरिसच्याच डायमंड लीगमध्ये 8:09.91. तिसाव्या वर्षाच्या उंबऱ्यावर आयुष्यातली सर्वोत्तम वेळ, मामा! याच्याआधी त्याला आणखी चार-पाच वर्षं या खेळात मिळाली असती तर?

मामा – तर कदाचित पंचविसाव्या वर्षीच थकला असता. लहानपणी पिळलेली पोरं मी बघितलीत. चौदाव्या वर्षी राज्य पातळी, अठराव्या वर्षी गुडघा कामातून गेलेला. उशिरा सुरू झाला म्हणून टिकला, असं का म्हणत नाहीस?

या प्रश्नाला तिच्याकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते मामाचा त्या दिवसातला सगळ्यात भारी मुद्दा हाच होता. नंतर ती म्हणाली की इंदुराइनला लहानपणी कुणी पिळलं नव्हतं, संघानं त्याला टूर मध्येच सोडू दिला. लवकर सुरुवात आणि लवकर ताण या दोन गोष्टी एक नाहीत. बरोबर आहे. पण आपल्याकडे त्या एक होऊन बसतात हेही तितकंच खरं. प्रमाणपत्र, गुण, सवलतीचे मार्क यांच्या घाईत.

बोलणं मग गुडघ्यावर आलं. जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगला पाण्याच्या उडीशी साबळेचा गुडघा दुखावला. एसीएल आणि मेनिस्कस दोन्ही, शस्त्रक्रिया करावी लागली. सप्टेंबरात त्याला एकतिसावं संपून बत्तिसावं लागलं.

मामा – तुझा स्पॅनिश किती वर्षाचा थांबला?

भाची – बत्तीस. 1996 मध्ये टूरला घाटात मोडला. लेझ आर्कच्या चढावर पहिल्यांदाच सगळ्या जगानं त्याला मागे पडताना बघितलं. पुढचा एक टप्पा मुद्दाम त्याच्या घरावरून पाम्प्लोनाला नेला होता, त्याच्या विजयाची मिरवणूक होईल म्हणून. तो तिथं पिछाडीवर पोचला. त्याच उन्हाळ्यात अटलांटा ऑलिंपिकला टाइम ट्रायलचं सोनं घेतलं. मग मनाविरुद्ध स्पेनच्या वुएल्टा शर्यतीला पाठवला, ती अर्धवट सोडली, आणि जानेवारी 1997 मध्ये सांगितलं, बस.

मामा – बरं केलं. आणि नंतर खायचं काय याची त्याला चिंता नव्हती. अविनाशलाही नाही, फौजेची नोकरी हाय. बघ, शेवटी नोकरीच कामाला आली. म्हणून मी पोरांना पदकासाठी पळवत नाही, नोकरीसाठी पळवतो. पदक एखाद्याला मिळंल. नोकरी दहांना मिळती.

भाची – दहांना. मैदानावर किती असतात?

मामा – असतात साठ-सत्तर.

पुढे काही मिनिटं स्टीपलचेसवरच गेली. मामाला ही शर्यत पोरांना शिकवायची होती आणि ती बसवायची कशी हे त्याला भाचीकडूनच हवं होतं. साडेसात फेऱ्या, अठ्ठावीस कोरडे अडथळे, सात पाण्याच्या उड्या. पुरुषांचा अडथळा 91.4 सेंटिमीटर, आणि तो पडणारा नाही, पाय लागला तर आपणच पडतो. पाण्याचा खड्डा साडेतीन मीटरहून लांब.

मामा – पाण्याचा खड्डा? आपल्याकडं? उन्हाळ्यात माणसांना टँकर, आणि पोरांनी उडी मारायला मी खड्डा भरू? गाव मला त्याच्यातच बुडवंल.

भाची – वाळू टाका. आणि खड्डा राहू द्या, त्याआधी दुसरं करा. तुमच्या गावच्या जत्रेला हगाम किती वाजता सुरू होतो?

मामा – दुपारी तीनला.

भाची – सकाळी आठला पळायची शर्यत ठेवा. दहा-बारा वर्षांच्या पोरांची, सहाशे मीटर, नांगरट नसलेल्या रानातून. इनाम रेवडी.

मामा – कमिटी म्हणंल, याला वर्गणी कोण देणार.

भाची – रेवडीला किती लागतात? पप्पा देतील.

मी मान हलवली. आमच्या मेहुण्याची अडचण मात्र पैशाची नव्हती.

मामा – एक सांगतो. जत्रा चैत्रात. तवर टोळ्या कारखान्यावरून परतल्या तर परतल्या. नाहीतर ज्या पोराला तू शोधायलीस ते त्या दिवशी सांगलीकडं कोपीत असंल.

भाची – मग दोन शर्यती ठेवा. एक दसऱ्याला, टोळ्या जायच्या आधी.

मामा – आणि पोरींची?

भाची – त्यांची आधी. नाहीतर त्या वेळेपर्यंत तुम्ही त्यांना भाकऱ्यांना लावाल.

मामानं खिशातली डायरी काढली, जिच्यात तो पोरांच्या वेळा लिहितो, आणि मला विचारलं, "दाजी, औंदा दसरा कोणत्या तारखेला होऊन गेला? पुढचा कधी हाय बघा जरा कालनिर्णयात."